सोबत चालणारा प्राणी

राक्षसाचा जीव पोपटात असतो, ही गोष्ट ज्याने ऐकली नाही असा माणूस आपल्याकडे विरळाच. दूर रानात झाडांचे रिंगण, रिंगणाच्या मधोमध पिंजरा आणि पिंजऱ्यात पोपट. राजपुत्राने पोपटाचा पाय मोडला की इकडे राक्षसाचा पाय मोडायचा. मान मुरगळली की राक्षस आडवा. ही गोष्ट फार जुनी आहे. १८६८ साली लंडनमध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' या नावाचे एक पुस्तक निघाले. मुंबईचे गव्हर्नर राहिलेले सर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी फ्रिअर हिने ते तयार केले. पण त्यातल्या गोष्टी सांगणारी बाई होती त्यांच्या घरची आया, अॅना लिबराता डिसूझा. त्या पुस्तकातली पहिलीच गोष्ट पंचकिन नावाच्या जादूगाराची, आणि त्याचाही जीव पोपटातच. पुढे जेम्स फ्रेझर या पंडिताने 'द गोल्डन बाऊ' या ग्रंथात, शरीराबाहेर ठेवलेल्या जिवाच्या कथा देशोदेशींहून गोळा केल्या, त्यात आपल्या दख्खनच्या या पोपटालाही जागा दिली.

आता तुम्ही म्हणाल, आज हा पोपट कशासाठी काढला? त्याला कारण आहे. आजच्या इंग्लंडमधील एका लेखकाने याच कल्पनेची एक नवी मांडणी केली, आणि तिने जगभरच्या वाचकांना, विशेषतः मुलांना, असे काही कोडे घातले की आज पंचवीस-तीस वर्षे झाली तरी त्याची उत्तरे शोधणे चालूच आहे. त्या कोड्याविषयी, आणि त्यातून आपल्या शाळामास्तरांना काय घेता येईल याविषयी, मी आज चार शब्द बोलणार आहे.

या लेखकाचे नाव फिलिप पुलमन. जन्म १९४६ चा. ऑक्सफर्ड येथे कित्येक वर्षे त्यांनी शाळेत शिक्षकी केली, म्हणजे आपल्यापैकीच एक. त्यांची कादंबरीमाला 'हिज डार्क मटीरियल्स' या नावाने ओळखली जाते. हे नाव मिल्टन कवीच्या 'पॅराडाइज लॉस्ट'मधून उचललेले आहे. मालेतील पहिले पुस्तक 'नॉर्दर्न लाइट्स' १९९५ साली आले, दुसरे 'द सटल नाइफ' १९९७ साली आणि तिसरे 'द अॅम्बर स्पायग्लास' २००० साली. या तिसऱ्या पुस्तकाला व्हिटब्रेड पारितोषिकांतले वर्षातील सर्वोत्तम पुस्तकाचे पारितोषिक मिळाले. मुलांसाठी म्हणून निघालेल्या पुस्तकाला हा मान त्यापूर्वी मिळाला नव्हता. पुढे २००७ साली चित्रपट झाला, २०१९ ते २०२२ या काळात दूरचित्रवाणीवर मालिका झाली, आणि 'द बुक ऑफ डस्ट' नावाची दुसरी त्रयी २०१७ साली सुरू होऊन २०२५ साली पुरी झाली.

आता मूळ कल्पना काय ती सांगतो. कथेची नायिका लायरा, अकरा-बारा वर्षांची, जरा दांडगी, थापा मारण्यात पटाईत अशी मुलगी. ती राहते ऑक्सफर्डमध्येच, पण ते आपल्या जगातले ऑक्सफर्ड नव्हे, त्याच्यासारखेच दुसरे. त्या जगात माणसाचा आत्मा त्याच्या शरीरात दडलेला नसतो. तो प्राण्याच्या रूपाने बाहेर, सगळ्यांच्या देखत, माणसाच्या बरोबर चालतो, उडतो, खांद्यावर बसतो आणि त्याच्याशी बोलतो. या सोबत्याला पुलमन 'डीमन' म्हणतात. इंग्रजीत हा शब्द ऐकला की भूत-राक्षस आठवतात, पण त्याचे मूळ ग्रीक आहे. ग्रीकांचा 'दैमोन' म्हणजे देव आणि माणूस यांच्या मधले एक अस्तित्व. सॉक्रेटिस सांगत असे की, आपल्याला लहानपणापासून एक आतला आवाज ऐकू येतो आणि तो काही अयोग्य करू लागलो की अडवतो. त्याचे नावही याच शब्दावरून पडले.

या डीमनाचे नियम मोठे काटेकोर आहेत. माणूस पुरुष असेल तर डीमन बहुधा मादी, आणि स्त्री असेल तर बहुधा नर. दोघांत अंतर पडता कामा नये. थोड्या पावलांपलीकडे गेले की दोघांच्याही काळजात कळ उठते. दुसऱ्याच्या डीमनाला हात लावायचा नाही. लढाईत एकमेकांचे गळे कापणारी माणसेही हा नियम सहसा मोडत नाहीत. माणूस मेला की डीमन धुरासारखा विरून जातो. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा: मुलांचे डीमन रूपे बदलतात. लायराचा सोबती पॅन्टलायमन, लाडाने पॅन, पहिल्याच प्रकरणात पतंग होऊन अंधारात लपतो. पुढे कधी उंदीर, कधी रानमांजर, कधी पक्षी. मूल घाबरले तर डीमन बारका होतो, चिडले तर नखे काढतो. पण मूल वयात आले की एके दिवशी डीमन एका रूपात स्थिर होतो, आणि मग जन्मभर तेच रूप.

ही कल्पना सुचली कशी? पुलमन यांनी सांगितले आहे की, पहिले प्रकरण त्यांनी पुन्हा पुन्हा लिहिले, पण गाडी पुढे सरकेना. लायराला एक डीमन आहे असे वाक्य हातून उतरले तेव्हा वाट मोकळी झाली. नंतर विचार करताना त्यांना जुनी चित्रे आठवली. त्यांतले एक लिओनार्दो दा विंची याचे, एर्मिन नावाचा मुंगसासारखा पांढरा प्राणी हातात धरलेल्या तरुणीचे. ते आज पोलंडमधील क्राकूव शहरात आहे. चित्र पाहिले तर दोघांची मान एकाच बाजूला वळलेली दिसते, जणू एकाच मनाची दोन शरीरे.

लेखकाच्या दृष्टीने यात सोय मोठी आहे. एकट्या मुलीच्या मनातली घालमेल वाचकाला सांगायची तर 'तिला वाटले, तिला वाटले' असे किती वेळा लिहिणार? इथे मन बाहेर येऊन तिच्याशी वाद घालते. आपल्याकडे ही रीत अपरिचित नाही. रामदासांनी मनाला समोर बसवून उपदेश केला. बहिणाबाई चौधरींना तेच मन कधी उभ्या पिकात शिरणाऱ्या गुरासारखे दिसले, तर कधी भुईवरून आभाळात जाणाऱ्या पाखरासारखे. घटकेत गुरू, घटकेत पाखरू! पॅनचे रूप बदलणे याहून वेगळे काय आहे?

आता वाचकांच्या तर्कांकडे वळू. लेखक जेवढे सांगतो, त्याहून अधिक जागा तो मोकळी ठेवतो, आणि मोकळ्या रानात गुरे शिरावीत तसे वाचक तिथे शिरतात.

पहिला प्रश्न अर्थातच, 'माझा डीमन कोणता?' २००७ च्या चित्रपटाच्या वेळी तर प्रश्नांना उत्तरे द्या आणि आपला डीमन ओळखा, असा खेळच निर्मात्यांनी काढला होता. मौज अशी की, ज्याला विचारावे त्याला लांडगा हवा, वाघ हवा, गरुड हवा. म्हैस कोणी मागत नाही! कादंबरीत एक म्हातारा खलाशी लायराला नेमके हेच समजावतो. एका माणसाचा डीमन डॉल्फिन झाला, त्यामुळे त्या बिचाऱ्याला जहाज सोडून जमिनीवर येताच येईना. कित्येकांना सिंह हवा असतो आणि वाट्याला येतो मांडीवरचा कुत्रा. जे आहे ते पटेपर्यंत अशी माणसे कुढत राहतात. मात्र डीमन स्थिर झाला म्हणजे आपण कोण आहोत हे तरी कळते, असेही तो सांगतो. डीमन मागून मिळत नाही, हा यातला मुद्दा.

काही वाचकांनी मात्र हा प्रश्न गंभीरपणे घेतला. प्राण्याच्या नावाला चिकटलेली कीर्ती बाजूला ठेवायची, त्या प्राण्याचे खरे वागणे पाहायचे आणि मग माणसाशी ताडून बघायचे, अशी त्यांची रीत. ही रीत मला फार उपयोगाची वाटते. कारण कीर्ती गावोगाव बदलते. घुबड पाहा. युरोपात ते शहाणपणाचे चिन्ह. आपल्याकडे घराच्या आढ्यावर बसले तर अपशकुन. आणि तेच पुन्हा लक्ष्मीचे वाहन! प्रत्यक्षात ते काय करते? रात्रभर शेतातले उंदीर मारते. लायराचा पॅन शेवटी ज्या रूपात स्थिर होतो तो पाइन मार्टेन हा युरोपच्या जंगलातला, मांजराएवढा, दाट तपकिरी केसांचा, झाडावर सरसर चढणारा प्राणी. एकटा हिंडणारा, चपळ आणि धीट. लायराला ओळखणारा वाचक म्हणतो, अगदी बरोबर.

दुसरा तर्क नावाविषयी. लायराची आई मिसेस कूल्टर ही रूपवान आणि क्रूर स्त्री. तिचा डीमन सोनेरी केसांचा माकड. गंमत म्हणजे मूळ तीन पुस्तकांत या माकडाचे नाव कोठेच येत नाही, आणि तो मालकिणीपासून इतरांच्या डीमनांहून अधिक लांब जाऊ शकतो. याचा अर्थ काय? कोणी म्हणतात, तिने स्वतःला त्या वेदनेची सवय लावून घेतली. कोणी म्हणतात, जी स्वतःच्या आत्म्याशी प्रेमाने बोलतच नाही, ती त्याला नावाने हाक कशाला मारील? हा दुसरा तर्क मला अधिक भावतो. बी.बी.सी.ने २००३ साली या कथेचे नभोनाट्य केले तेव्हा माकडाला 'ओझिमँडियस' असे नाव दिले. आम्हा रेडिओच्या माणसांना यातली अडचण लगेच कळेल: जे दिसत नाही त्याला नाव नसेल तर ऐकणाऱ्याने ओळखावे कसे?

तिसरा प्रश्न आपल्या जगाचा. इथे कोणाजवळ डीमन दिसत नाही. मग आपल्याला आत्मा नाही की काय? याचे उत्तर कथेतच आहे. आपल्या जगातला विल नावाचा मुलगा लायराला भेटतो. त्याचा डीमन आतच असतो, आणि मोठ्या वियोगाच्या प्रसंगी तो बाहेर येऊन दिसू लागतो. मेरी मलोन या शास्त्रज्ञ बाईला तर आपला डीमन पाहण्याची दृष्टी शिकावी लागते. म्हणजे आपल्या जगात तो नाही असे नव्हे, पाहण्याची सवय नाही.

चौथा प्रश्न मात्र बोचणारा आहे, आणि आपल्या देशात तो अधिकच बोचतो. लायराच्या जगात नोकरचाकरांचे डीमन बहुधा कुत्र्याच्या रूपाचे असतात. वाचक विचारतात, हे कसे? ज्याचा स्वभाव आज्ञा पाळण्याचा तो नोकर होतो, की ज्याला लहानपणापासून आज्ञाच पाळायला लावली त्याचा स्वभाव तसा घडतो? पहिले उत्तर खरे मानले तर चाकराचा आत्माच चाकराचा, असे म्हणावे लागेल. जन्मावरून काम आणि कामावरून माणसाची किंमत ठरवण्याचे पाप आपल्या समाजाने शतकानुशतके केले आहे. आपल्याला या उत्तरापासून सावध राहिलेच पाहिजे.

पुस्तकात याचा निकाल दिलेला नाही. पण माझे म्हणणे असे आहे की, कथेचा मुख्य नियमच पहिल्या उत्तराच्या विरुद्ध जातो. आत्मा जन्मतःच ठरलेला असता तर मुलांचे डीमन दहा-बारा वर्षे रूपे कशाला बदलते? राजवाड्यातले मूल असो की स्वयंपाकघरातले, दोघांचेही डीमन सारखेच चिमणी होतात, ससा होतात, चित्ता होतात. म्हणजे त्या वयात सगळ्या वाटा सगळ्यांना मोकळ्या असतात. पुढे त्या बंद होतात, त्यात भोवतालच्या जगाचाही हात असणारच. लायराचा जिवलग मित्र रॉजर हा कॉलेजच्या स्वयंपाकघरातला पोरगा. त्याचा डीमन मोठेपणी काय झाला असता, यावर वाचक आजही तर्क करतात. कोणी म्हणतो कुत्रा, कोणी म्हणतो आणखी काही. याचे उत्तर कधीच मिळणार नाही, कारण एक मोठा, विद्वान माणूस आपल्या प्रयोगासाठी रॉजरला त्याच्या डीमनापासून तोडतो आणि त्यात तो मुलगा मरतो. रॉजरचे काय झाले असते ते कळण्याइतके आयुष्यच त्याला मिळत नाही.

इथे कथेचा गाभा येतो. उत्तर ध्रुवाकडील बर्फात एक ठाणे आहे. तिथे पळवून आणलेल्या मुलांना त्यांच्या डीमनांपासून कायमचे कापले जाते. हे करणारे लोक स्वतःला दुष्ट समजत नाहीत. वयात आल्यावर माणसाला पाप चिकटते, तेव्हा त्याआधीच तोडून टाकले तर मूल सुखी, शांत आणि आज्ञाधारक राहील, असा त्यांचा हिशेब. तिथून सुटलेला एक मुलगा, टोनी मकारिओस, लायराला एका खोपट्यात सापडतो. डीमनाऐवजी त्याने एक सुका मासा उराशी धरला आहे. तो मरतो तेव्हा मोठी माणसे तो मासाही कुत्र्यांना टाकून देतात. लायरा संतापते, आणि एका सोन्याच्या नाण्यावर त्याच्या डीमनाचे नाव कोरून ते त्याच्या तोंडात ठेवते. मुलांच्या पुस्तकात इतका दारुण प्रसंग मी क्वचितच वाचला असेल.

श्रोतेहो, हे सगळे परदेशी कल्पित झाले. जोडीदार प्राण्याची समजूत मात्र एकट्या इंग्लंडची नाही. मेक्सिकोतील काही आदिवासी समाजांत असे मानतात की, मूल जन्मले की त्याच वेळी रानात त्याचा जोडीचा प्राणी जन्मतो. प्राण्याला इजा झाली की माणूसही आजारी पडतो. आपल्याकडे लग्नात देवक बसवतात. कोणाचे देवक वड, कोणाचे कळंब, कोणाचे मोराचे पीस. पण देवक कुळाचे असते, सगळ्या भाऊबंदांचे एकच. डीमन एकेकट्याचा असतो. आणि राक्षसाच्या पोपटात व डीमनात फरक हा, की राक्षस आपला जीव सुरक्षित राहावा म्हणून लांब नेऊन लपवतो. डीमन सतत जवळ असतो, उघड्यावर असतो, आणि म्हणूनच त्याला इजा होऊ शकते.

आता शिक्षकबंधूंशी आणि भगिनींशी थोडे बोलतो. आपल्या वर्गांतही मुलांना प्राणी वाटण्याची रीत आहे, फक्त ती मुलांना विचारून होत नाही. 'अरे गाढवा', 'ही म्हैस कुठे बघते आहे', 'माकडा, खाली बस'. आपण रागात बोलतो आणि विसरतो. मूल विसरत नाही. चौथीत 'गाढव' ठरलेला मुलगा सातवीपर्यंत तसाच वागू लागतो, कारण दुसरे काही होऊन दाखवण्याची संधीच त्याला कोणी देत नाही. लायराच्या जगात डीमन आपापल्या वेळी, आपापल्या परीने स्थिर होतो. कोणी मोठ्या माणसाने बोट दाखवून तो ठरवत नाही. आपण मात्र आठ-नऊ वर्षांच्या पोराचा डीमन एका शब्दात कायमचा करून टाकतो.

त्यातही गाढवावर अन्यायच आहे. ज्यांच्या घरी गाढवे आहेत त्यांना विचारा. गाढव अडते ते बहुधा धोका वाटतो म्हणून. पायाखालची जमीन त्याला भरवशाची वाटली नाही तर ते पाऊल टाकत नाही. याला आपण हट्ट म्हणतो. वर्गात एखादा मुलगा उत्तर द्यायला उठत नाही, तेव्हा तोही कदाचित पायाखालची जमीनच चाचपत असतो.

म्हणून एक साधा उपक्रम सुचवतो. मुलांना ही डीमनाची गोष्ट सांगा. इंग्रजी पुस्तक हाताशी नसले तरी अडत नाही. पोपटातल्या राक्षसापासून सुरुवात केली की मुले लगेच कान टवकारतात. मग प्रत्येकाला लिहायला सांगा, 'आज माझा सोबती कोणता प्राणी असता, आणि का?' अट एकच: ज्या प्राण्याचे वागणे स्वतः पाहिले आहे तोच घ्यायचा. शेतातला बगळा, गोठ्यातली पारडी, विहिरीतले कासव, अंगणातली खार. त्यानिमित्ताने मुले चार दिवस त्या प्राण्याकडे नीट बघतील. निबंधही होईल आणि जीवशास्त्रही. शिक्षकांनी कोणाला प्राणी सुचवायचा नाही आणि कोणाचा नाकारायचाही नाही. एखाद्या मुलीने मुंगी लिहिले तर मुंगी, आणि वाघीण लिहिले तर वाघीण. कोणी हसले तर त्याला तेवढे समजवा.

हे कागद जपून ठेवा आणि पुढल्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा विचारा. बहुतेकांचा प्राणी बदललेला असेल. दोन्ही कागद मुलांच्या हाती देऊन काय बदलले ते त्यांनाच सांगू द्या. ज्या मुलाने दोन्ही वर्षी बिळातला उंदीर लिहिला असेल त्याच्याजवळ मात्र जरा बसा, आणि त्याला कशाची भीती वाटते ते हळूच विचारा.